वरमाईचा चेहरा

श्यामकांतच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली ती बाई मालिनीला पहिल्या नजरेतच आवडली नाही. चाळिशीच्या आतबाहेरची, केस काळेभोर, गालांवर रेघ म्हणून नाही, आणि हसू असं की दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर शोभावं. बरं, उभी कुठे, तर लेकाच्या, वरदच्या, लग्नाच्या पत्रिकेत. हल्लीच्या रीतीप्रमाणे पत्रिका म्हणजे मोबाइलवर येणारी दीड मिनिटाची फिल्म. आधी गणपती, मग सनई, मग मुलीकडचे, मग मुलाकडचे, आणि मुलाकडच्यांत ही भवानी. मालिनी ओट्याशी उभी होती, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि तिला चक्क मत्सर वाटला. एकतीस वर्षांच्या संसारात असलं काही मनात आणायची पाळी त्या टकल्या, सरळ माणसाने कधी आणली नव्हती. मग तिचं लक्ष बाईच्या साडीकडे गेलं. जांभळी नारायणपेठ, बारीक काठाची. साखरपुड्याला आपण नेसलो होतो तीच. आपली साडी हिने कशी नेसली, हा प्रश्न मनात पुरता उमटायच्या आत उत्तर आलं, आणि तव्यावरची पोळी करपली.

गॅस बंद करून तिने फिल्म पुन्हा लावली, बोटाने नेमकी तिथे थांबवली आणि चित्र मोठं केलं. हळूहळू ओळख पटत गेली, पण ती चेहऱ्याची नव्हे. कानातल्या कुड्या आपल्या, उभं राहताना डावा पाय पुढे टाकायची खोड आपली, पदर धरलेली मूठ आपली. मानेच्या वर मात्र आपलं असं काही उरलं नव्हतं. भुवयांमधली उभी खाच गेली होती. डोळ्यांच्या कडांची जाळी गेली होती. पांढरे केस तर मुळापासून गेले होते, आणि त्यांच्या जागी जे काळं होतं त्याला भांगसुद्धा नीट नव्हता, नुसतं ओतलेलं डांबर. बाहेर श्यामकांत पेपर वाचत बसला होता. त्याच्यापुढे तिने मोबाइल धरला. "छान आलीयेस की," तो म्हणाला. "मी?" "मग कोण? जरा फ्रेश दिसतेयस. झोप झाली असेल त्या दिवशी." एवढं बोलून तो पुन्हा पेपरात शिरला. मालिनी त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. तोही त्याच फोटोत होता, आणि त्याचं टक्कल, डोळ्यांखालच्या पिशव्या, नाकाच्या शेंड्यावरचा तीळ, सगळं जिथल्या तिथे होतं. त्याच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता. आणि त्याला बायको बदलली गेल्याचा पत्ता नव्हता. राग कुणाचा करावा हेच तिला कळेना, म्हणून तिने करपलेली पोळी त्याच्याच ताटात वाढायचं ठरवलं.

पांढऱ्या केसांची गोष्ट पाच वर्षांपूर्वीची. लॉकडाऊनमध्ये बदलापूरची सगळी पार्लरं बंद होती आणि कात्रपच्या त्या दोन खोल्यांमध्ये रोज आरशात भांगाच्या कडेने एक पांढरी पट्टी रुंद होत गेली. आधी भीती वाटली. कुणी मेल्याची बातमी येत होती रोज, आणि आपलं आपलं हेही एक मरण, असं तिला वाटे. पण महिना गेला, दोन गेले, आणि एका सकाळी न्हाऊन गच्चीवर केस वाळवताना तिने ते हातात घेऊन उन्हात धरले, तर ते नुसते पांढरे नव्हतेच. कपाळाशी चांदीसारखे, आत राखाडी, मानेवर काही चुकार काळे. तिच्यातली लॅबवाली जागी झाली. सव्वीस वर्षं तिने अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात हेच केलं होतं. बॅचमधून आलेल्या रंगात कापडाचा तुकडा बुडवायचा, वाळवायचा, आणि उत्तरेच्या खिडकीपाशी नेऊन अस्सल नमुन्याच्या तुकड्याशेजारी धरायचा. ट्यूबच्या उजेडात सगळं जुळतं. खिडकीपाशी धरलं की चोरी उघडी पडते. मालिनीची नजर तिथे प्रसिद्ध होती. "मॅडमने नाही म्हटलं म्हणजे नाही," असं प्लँटवरचे लोक म्हणत, काही आदराने आणि काही दात ओठ खाऊन. डोळ्यांच्या कडांची ती जाळी या खिडकीने दिली होती. भुवयांमधली खाच नाही म्हणता म्हणता पडली होती. आणि गच्चीवरच्या उन्हात त्या केसांना तिने मनातल्या मनात मान्य म्हटलं, आणि तो विषय संपवला.

तिच्या बाजूने संपवला. लोकांच्या बाजूने तो तिथेच सुरू झाला. पार्लरं उघडली, भिशीतल्या बायका पुन्हा काळ्या, तांबूस, जांभळट होऊन आल्या, आणि मालिनी तशीच. "अगं, काय हे? एवढं कसं गं दुर्लक्ष केलंस स्वतःकडे?" श्यामकांतच्या बहिणीने तर श्यामकांतला बाजूला घेऊन विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना. तेव्हा एकदा, पिच्छा सुटावा म्हणून, मालिनी म्हणाली, "मला डायची ऍलर्जी आहे." काय जादू झाली! बायकांचे चेहरे मऊ पडले. अरेरे, मग काय करणार बिचारी. कारखान्यात रंगांत काम केलंय ना, होतं असं. तेव्हापासून ती ऍलर्जी तिने छत्रीसारखी बरोबर ठेवली होती. खरं म्हणजे तिला आपले केस आवडत होते. नुसते चालत नव्हते, आवडत होते, आणि हे सांगायची चोरी होती. आजारी बाईला पांढरे केस माफ असतात. धडधाकट बाईने ते हौसेने ठेवले तर लोकांना तो आपला अपमान वाटतो.

फिल्म आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी श्यामकांतला "शिंप्याकडे जाऊन येते" असं सांगून ती निघाली ती फिल्म करणाऱ्या फोटोवाल्याकडे, अंबरनाथपर्यंत बस आणि पुढे शेअर रिक्षा. रिक्षात शेजारी जीन्सच्या कापलेल्या पायांचा गठ्ठा मांडीवर घेतलेली एक बाई होती, निळ्या बोटांची. ती बोटं बघून मालिनीला उगाच जवळचं कुणी भेटल्यासारखं झालं. मनात भांडणाची उजळणी चालू होती. काय बोलायचं, कुठल्या शब्दाने सुरुवात करायची, हिंदीत की मराठीत. फाळणीनंतर वसलेल्या सिंध्यांच्या कॅम्प तीनच्या बाजारात रिक्षा थांबली तेव्हा तिचे कान तापले होते. दिपेशभाईचा स्टुडिओ कपड्यांच्या दोन दुकानांच्या फटीत, वर जिना चढून. माणूस पन्नाशीचा, गोड बोलणारा, सिंधी. होणाऱ्या सुनेच्या, ऋताच्या, माहेरच्यांनीच त्याला ठरवला होता. "आओ आओ, भाभीजी! लड़के की मम्मी!" म्हणत त्याने खुर्ची पुसली, चहा सांगितला. जिन्याच्या भिंतीभर त्याने काढलेल्या वरमाया होत्या. दोन्ही बाजूंनी ओळीने, सिंधी, मराठी, गुजराती, आणि सगळ्यांना जणू एकाच आईने जन्म दिला होता.

"भाईसाहब, मेरा फोटो," मालिनीने सुरुवात केली, "मेरा नहीं है."

दिपेशभाई हसला. "सब यही बोलते हैं, भाभीजी! मेहनत है. फ्री में किया, आपके लिए कुछ एक्स्ट्रा नहीं लगाया."

"पर मैंने बोला था क्या?"

"बोलना नहीं पड़ता. लेडीज का चालीस के ऊपर सबका करते हैं. अपना सिस्टम है."

"और जेंट्स का?"

"जेंट्स का कायको?" त्याला प्रश्नच कळला नाही. "उनका उमर अच्छा लगता है. वजन आता है चेहरे पे." मग तिच्या तोंडाकडे बघून तो जरा वरमला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आपका थोड़ा ज़्यादा हुआ, मैं मानता हूँ. पर मेरा मन का नहीं किया. आपके बेटे का फोन आया था. बोला, भाई, बराबर करना, मम्मी लगनी चाहिए."

मालिनीने चहाचा कप खाली ठेवला. मम्मी लगनी चाहिए. म्हणजे आत्ता जी दिसते ती कोण? सगळी उजळणी केलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली. दिपेशभाईने बिचाऱ्याने न सांगताच दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले, आधीचा आणि नंतरचा, आणि म्हणाला की हाच फोटो हॉलच्या दारात सहा फुटी बोर्डावर लागणार आहे, परवा छापायला जाईल, आपण म्हणाल तसं, पण मुलाला एकदा विचारावं लागेल. ती पडद्याकडे बघत राहिली, आणि तिला दुसराच एक स्टुडिओ आठवला, अंबरनाथ स्टेशनजवळचा, काळ्या पडद्याचा. वय चोवीस. अण्णांनी तिला स्थळांना पाठवायच्या फोटोसाठी नेलं होतं, आणि फोटोवाल्याने निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने काम करून तिला दोन छटा उजळ केली होती. अण्णा खूष. "बघ, आहेसच तू गोरी, उजेड नीट पडत नाही एवढंच." त्या उजेडाच्या शोधात तिने दोन वर्षं हळद, दूध, मसुराचं पीठ काय काय फासलं. श्यामकांतच्या घरचे बघायला आले तेव्हा त्याच्या आईच्या हातात तो फोटो होता. पोहे देताना मालिनीने पाहिलं, बाई एकदा फोटोकडे बघतायत, एकदा आपल्याकडे. कुणी काही बोललं नाही. लग्न झालं, चांगलं झालं, पण आपण फोटोपेक्षा कमी आहोत ही बारीक कुसळासारखी गोष्ट कितीतरी वर्षं पायात राहिली. आणि आज, ज्या वयात माणसाने पाय मोकळे पसरून बसावं, त्या वयात पुन्हा तेच. फक्त तेव्हा बापाने सांगितलं होतं आणि आता मुलाने. "मैं शाम को बताती हूँ," असं कसंबसं म्हणून ती जिना उतरली. उतरताना भिंतीवरच्या वरमायांकडे तिने पाहिलं नाही.

वरद सातला घरी आला. श्यामकांत फिरायला गेला होता. मालिनीने चहा टाकला, दोन कप घेतले आणि बाल्कनीत त्याच्यासमोर बसली. आडवळणाने विचारायचं तिला कधी जमलं नाही. "मम्मी लगनी चाहिए म्हणजे काय रे?"

वरदने कप खाली ठेवला. लहानपणी चोरी पकडली की त्याचे कान लाल होत. ते अजून तसेच होत होते. "दिपेशभाईने सांगितलं?"

"त्याचं सोड. तू सांग."

 खालच्या रस्त्याकडे बघत तो एका दमात बोलला, "साखरपुड्याला ऋताची सुषमामावशी आली होती ना, पुण्याची. तू आत्याआजींच्या शेजारी बसली होतीस. तिने लांबून बघून मला विचारलं, 'त्या तुझी आजी का रे? किती गोड आहेत.' आणि मी..."

"आणि तू?"

"मी हो म्हणालो."

 मालिनीला वाटलं होतं दुखेल, आणि दुखलंच, पण त्याआधी हसू आलं, आणि ते तिने मुश्किलीने आवरलं. "हो कशाला म्हणालास?"

"पटकन निघून गेलं गं! आजूबाजूला सगळे होते. नाही, आई आहे, म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, मग सगळे तुझ्याकडे बघत बसले असते. मला नको होतं ते. मग ती फोनवर विचारत राहिली, आजी कशा आहेत, आजींना जिने चढवू नका, आजींसाठी मऊ साडी घेतलीय. ऋतालाही मी सांगितलं नाही. म्हटलं निदान फोटोत तरी आई..." तो थांबला.

म्हणजे पोराने आईची आजी करून टाकली होती, आणि मग आईची जागा रिकामी पडली म्हणून कॅम्प तीनमधून एक आई बनवून आणली होती! असला घोळ दुसऱ्या कुणाच्या घरात असता तर मालिनी पोट धरून हसली असती. "मग लग्नात काय करणार होतास? फोटोतली बाई बोहल्यापाशी कुठून आणणार होतास?"

"तेच म्हणतोय," वरद पुढे सरकला, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरीची अजिजी होती. "एकदाच, आई. लग्नापुरतं. मी चौकशी केलीय, ऍलर्जीवाल्यांसाठी वेगळा डाय मिळतो, नो केमिकल. मेकअपवाली आहेच. एक दिवसाचा प्रश्न आहे."

एक दिवसाचा प्रश्न. मालिनीला क्षणभर वाटलं, काय जातंय आपलं? एक पुडा, एक तास. लेकरू अडकलंय, सोडवावं. आईने एवढं करू नये? आणि या प्रश्नासरशी तिला आपले हात दिसले, पिवळे जर्द. त्या वर्षी कारखान्यात पिवळ्याचीच ऑर्डर होती, हातमोज्यांतून रंग आत जायचा, नखांच्या मुळाशी बसायचा. वरद चौथीत. शाळेत पालकांची सभा, आणि आदल्या दिवशी तो म्हणाला होता, "आई, उद्या हात घेऊन येऊ नकोस." मुलं चिडवायची त्याला, हळदीवाल्या आईचा म्हणून. संध्याकाळी तिने न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि ब्लीचिंग पावडर, लिंबू, वाळू, हाती येईल त्याने हात घासले. कातडी सोलवटली, आग आग झाली, रंग काही गेला नाही. सकाळी ती उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून, पदरात हात गुंडाळून सभेत बसली. बाईंनी सही करायला पेन दिलं तेव्हा तिने श्यामकांतकडे सरकवलं. ज्या हातांनी त्या शाळेची फी भरली जात होती, ते हात तिने लपवले होते. नऊ वर्षांच्या पोराला काय कळतं, त्याचा तिला तेव्हाही राग आला नव्हता. राग स्वतःचा आला होता, आणि तो आत्ता, या बाल्कनीत, इतक्या वर्षांनी तिला नीट कळला. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आता घोडा झालाय, लग्न करतोय, आणि अजूनही त्याला वाटतं की लाज आली की आईने हात घासावेत. कारण आपणच ते त्याला घासून दाखवले.

"मला ऍलर्जी नाहीये," ती म्हणाली.

"काय?"

"डायची. कधीच नव्हती. मला माझे केस आवडतात, म्हणून मी ते ठेवलेत."

 हे वाक्य इतकं सोपं निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "हे बघ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लॅबमध्ये असायचा तसा झाला, बारीक आणि सरळ, "सुषमाताईंचा मला राग नाही. त्यांनी लांबून पाहिलं, त्यांची चूक झाली. पण तुला जवळून माहीत होतं. मला आजी म्हटलं म्हणून नाही दुखलं, वरद. तू हो म्हणालास म्हणून दुखलं."

"सॉरी," तो म्हणाला. मग, "मी काय करू?"

"ते तुझं तू ठरव. फोटोचं मी ठरवते." आणि त्याच्या समोरच तिने दिपेशभाईला फोन लावला. "भाईसाहब, पहलेवाला लगाना. जो मैं हूँ वो. नहीं, बेटे से पूछने का नहीं. चेहरा मेरा है." फोन ठेवल्यावर छातीत किती दिवसांनी असं भरून आलं होतं, की उठून सगळ्या कात्रपला ओरडून सांगावं. त्याऐवजी ती चहा गरम करायला आत गेली.

लग्नाच्या सकाळी मेकअपवाली मुलगी ब्रशांची पेटी उघडून तिच्यापुढे बसली आणि म्हणाली, "काकू, निदान रूट्सना टचअप करते, स्प्रे आहे, धुतला की जातो." मालिनी म्हणाली, "केसांत फक्त गजरा. भरपूर." मुलीने खांदे उडवले आणि पांढऱ्या केसांत अबोलीचे चार पदर माळले, आणि माळून झाल्यावर स्वतःच दोन पावलं मागे जाऊन बघत राहिली. "भारी दिसतंय, काकू," ती जराशा आश्चर्याने म्हणाली. मालिनीला ते ठाऊकच होतं. पांढऱ्यावर अबोली किती उठते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. श्यामकांत फेटा सावरत दारात आला, थबकला, आणि म्हणाला, "वा." एवढंच. पण या वेळी त्याने पेपर नव्हता धरला, आणि तो कुणाकडे बघतोय हे त्याला माहीत होतं. तिने करपलेल्या पोळीबद्दल त्याला माफ करून टाकलं, म्हणजे ती ज्यासाठी त्याच्या ताटात वाढली होती त्याबद्दल.

हॉलच्या दारात बोर्ड होता, सहा फुटी, झेंडूच्या माळा लावलेला. त्यावर तीही सहा फुटी, खाचेसकट, जाळीसकट. येणारे जाणारे बघत होते. भिशीतल्या दोघी एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. आपला एवढा मोठा चेहरा मालिनीने आयुष्यात पाहिला नव्हता. ती त्याच्या शेजारी उभी राहून गुलाबपाणी शिंपडत लोकांचं स्वागत करत होती. मुंडावळ्या बांधलेला वरद नवरदेवाच्या खोलीतून बाहेर आला, आणि नेमक्या त्याच वेळी पायऱ्या चढून सुषमामावशी आल्या. तलम हिरवी पैठणी, केस काळे आणि ताठ, चेहऱ्याचं कातडं कपाळाकडे ओढून बसवल्यासारखं. त्या बोर्डाकडे बघत राहिल्या. मग मालिनीकडे. मग पुन्हा बोर्डाकडे.

"आजी, तुम्ही कशाला उभ्या?" त्या मालिनीचा हात हातात घेऊन म्हणाल्या. "बसा बाई कुठेतरी. आणि बोर्डावर वरदची आई नाही घातली? विहीणबाई आहेत कुठे?"

तोंडावर आलेला शब्द मालिनीने गिळला. सांगणं सोपं होतं, पण ते तिचं सांगणं नव्हतं. ती वरदकडे बघत उभी राहिली. त्याचे कान लाल झाले. मागे त्याचे मित्र होते, ऑफिसातले लोक होते, ऋताचे काका होते, आणि सगळे नवरदेवाच्या बाजूला उभे राहून फोटोची वाट बघत होते.  मालिनीला वाटलं, याने आत्ता काहीतरी गुळमुळीत केलं तर हा माझा मुलगा राहील, पण मी त्याच्यासाठी पदरात हात गुंडाळायची नाही.

"मावशी," वरद पुढे आला. आवाज आधी फुटला, मग लागला. "ह्या आजी नाहीत. ही माझी आई. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

सुषमामावशींचा हात मालिनीच्या हातातच राहिला. त्यांच्या ओढून बसवलेल्या चेहऱ्यावर हलायला जागा नव्हती, पण डोळ्यांत सगळं दिसलं. "अगंबाई," त्या पुटपुटल्या, "मी कसली मूर्ख. एवढं बोलून बसले." दुसरा हात नकळत स्वतःच्या केसांकडे गेला होता, कानशिलाशी, जिथे मुळं दिसतात तिथे. ती हालचाल मालिनीला ओळखीची होती. लॉकडाऊनपर्यंत पंधरा वर्षं ती स्वतः तेच करत आली होती.

"तुम्ही वय बरोबर ओळखलंत," मालिनी म्हणाली, "नातं तेवढं चुकलं. या, आत या. थंड घ्या काहीतरी." आणि त्यांच्या अंगावर तिने मनापासून, हात सैल सोडून गुलाबपाणी शिंपडलं. वरद बाजूलाच उभा होता. तिने त्याच्या मुंडावळ्या सरळ केल्या. एवढ्या लोकांत दुसरं काही करता आलं नाही.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, होम झाला. गुरुजींना पुढच्या मुहूर्ताची घाई होती. "वरमाई, या, सूनमुख बघून घ्या," त्यांनी हाक मारली. ऋताच्या शेजारी पाट मांडला. नव्या सुनेचं तोंड सासूने पहिल्यांदा आरशात बघायचं, तोंडात साखर घालायची, अशी ती रीत. मालिनी बसली आणि चांदीच्या मुठीचा आरसा तिने दोघींच्या समोर धरला. तिच्या सूनमुखाच्या वेळी सासूबाईंनी आरशात बघता बघता अंगठा ओला करून तिच्या गालावरून फिरवला होता, पावडरखालचा रंग बघायला. ते आठवलं आणि तिने आपला अंगठा मुठीत घट्ट दाबला. आरशात ऋता होती, तीन आठवड्यांची पार्लरची मेहनत, उपाशी, दमलेली, कपाळ आरशासारखंच चकाकणारं. सत्तावीस वर्षांची पोर, आणि डोळ्यांत परीक्षेला बसल्यासारखी भीती. "आई," ओठ न हलवता ती पुटपुटली, "नीट दिसतेय ना मी? काही उतरलं नाही ना?"

त्या पोरीची मालिनीला केवढी माया आली. आणि बोलण्याऐवजी तिची नजर आरशात जराशी सरकली. तिथे चांदीचे केस होते, चार पदरी अबोली होती, खाच होती, जाळी होती, नथ होती. नजर तिथेच थांबली. ती मान किंचित इकडे वळवून, किंचित तिकडे वळवून, खिडकीच्या उजेडात नमुना धरावा तशी सावकाश, सगळ्या मांडवादेखत बघत राहिली. समोरून दिपेशभाई ओरडला, "भाभीजी, बहू को देखो, बहू को!" सुषमामावशी हसल्या. ऋताने चमकून आरशात पाहिलं, सासू कुणाकडे बघतेय ते तिला दिसलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडले.

"अहो वरमाई," गुरुजी कावून म्हणाले, "सुनेचं तोंड बघायचं असतं."

"बघते हो," मालिनी म्हणाली. "आधी सासूचं तर बघू द्या."